घोडं कुठं पेंड खातं?

मराठी माणूस घोड्यावरून खाली उतरला त्याला आता दोनशे वर्षं होऊन गेली. पण त्याची जीभ काही अजून उतरलेली नाही. लग्नाचं वय उलटून गेलेला तो घोडनवरा, साहेबाच्या लक्षात येण्याइतकी मोठी चूक ती घोडचूक, बदलीच्या यादीत नुसती जागा भरायला घातलेली माणसं ती खोगीरभरती आणि ऑडिटर येऊन गेल्यावर खाती जुळवायला बसणं म्हणजे वरातीमागून घोडं. ज्यांनी आयुष्यात घोडा फक्त पत्त्यांच्या गप्पांत आणि बुद्धिबळाच्या पटावर पाहिला, तेसुद्धा 'घोडामैदान जवळच आहे' असं छातीठोकपणे बजावतात. मैदान जवळ असतं हे खरं. घोड्याचं मात्र कुणी विचारत नाही.

जी गोष्ट जिभेची तीच आडनावांची. शिलेदार, बारगीर, चाबुकस्वार, नालबंद, पागे असे सगळे आज स्कूटरवरून हिंडत असतात. यातलं मला सर्वांत जवळचं वाटणारं आडनाव म्हणजे पागनीस. पागेचा हिशेब लिहिणारा तो पागनीस, हे जेव्हा मला कळलं तेव्हा मला फार आनंद झाला. इतिहासात आपलंही कुणीतरी होतं तर! तलवारी घेऊन दौडत गेलेल्यांची नावं बखरीत आली. पण त्या घोड्यांनी किती चंदी खाल्ली हे लिहिणाराही कुणी होताच की. विष्णुपंत पागनीस १९३६ साली प्रभातच्या 'संत तुकाराम'मध्ये तुकोबा झाले आणि पडद्यावर का होईना, सदेह वैकुंठाला गेले. लेखनिकाच्या आडनावाला याहून मोठं प्रमोशन मिळाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

एरवी मी या घोड्यांच्या वाटेला गेलो नसतो. मी बी.कॉम. झालेला माणूस. दौलतीची माहिती मला खात्यापुरती आणि दौडीची माहिती आठ सत्तावीसच्या लोकलपुरती. परंतु माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा हिंजवडीला कंपनीत आहे. कंपनीत म्हणजे कुठं, आणि तिथं तो काय करतो, हे त्यानं मला तीन वेळा समजावून सांगितलंय आणि तिन्ही वेळा मी 'अस्सं!' म्हटलंय. या हिंजवडीच्या पुढं कासारसाई म्हणून गाव आहे. तिथं धरण आहे आणि दारुंब्र्याच्या बाजूला संत तुकाराम सहकारी साखर कारखाना आहे. रविवारी पुण्या-चिंचवडची मंडळी धरणाचं पाणी बघायला जातात आणि कणसं खाऊन परत येतात. आमचा भाचाही जाई. फक्त तो पाणी बघायला न जाता, त्या बाजूला कुणी चार घोडे पाळले होते ते बघायला जाई. आधी बघायला, मग खरारा करायला, मग बसायला आणि मग पडायला. शेवटी एका रविवारी त्यानं घरी जाहीर केलं, की मी नोकरी सोडणार आणि घोड्यांचं काहीतरी करणार.

"काहीतरी म्हणजे नेमकं काय रे?" मी विचारलं.

"मामा, शिकवणार. माणसांना घोडे शिकवणार आणि घोड्यांना माणसं. आणि उरलेल्या वेळात त्यांची चित्रं काढणार."

ताईनं डोळ्यांना पदर लावला. "आपल्याकडे कुणी टांगासुद्धा हाकला नाही रे," ती म्हणाली. "फ्लॅटचे हप्ते आहेत. तू बँकेतला, तूच त्याला सांग."

बँकेतला असणं म्हणजे काय, याबद्दल घरच्यांचे काही समज असतात. तरी पण कर्तव्य म्हणून मी आमच्या शाखेतला जनावरांसाठीच्या कर्जाचा अर्ज काढून पाहिला. गाय होती, म्हैस होती, शेळी होती, कोंबडी होती. घोडा नव्हता. मॅनेजरसाहेबांना विचारलं तर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, "घोडा दूध देतो का?" मी म्हटलं, नाही. "अंडी?" मी म्हटलं, नाही. "मग तो हप्ता कशातून देणार?"

प्रश्न मोठा मार्मिक होता. घोडं कुठं पेंड खातं हे आपण नेहमी विचारतो. ती पेंड येते कुठून, हे साहेबांनी विचारलं. अर्जात उत्तर नव्हतं म्हणून मी ते इतिहासात शोधायला गेलो.

इतिहासात पाहिलं तर हा प्रश्न महाराजांच्या काळात अगदी रीतसर सोडवलेला दिसतो. सभासदाच्या बखरीत घोडदळाची सगळी व्यवस्था दिली आहे. स्वार दोन प्रकारचे. ज्याचा घोडा सरकारी तो बारगीर. ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार आणि दहा जुमल्यांवर एक हजारी. पंचवीस गुणिले पाच गुणिले दहा म्हणजे बाराशे पन्नास होतात, तरी नाव हजारीच. हा अडीचशेचा फरक मी सवयीनं दोनदा तपासून पाहिला. दर पंचवीस घोड्यांमागं पाणी द्यायला एक पखालजी आणि नाल ठोकायला एक नालबंद. आणि हजारी झाला, की त्याच्याबरोबर हिशेब लिहिणारे अंमलदार आलेच. जिथं हजार घोडे, तिथं कारकून हा हवाच! वाचून ऊर भरून आला.

या व्यवस्थेमागं केवढी काळजी होती, ते १६७३ साली महाराजांनी चिपळूणकडच्या छावणीतल्या अंमलदारांना पाठवलेल्या पत्रावरून कळतं. मी नोकरीत आजवर हजारो परिपत्रकं वाचली (म्हणजे वाचली असं सही करून कळवलं), पण असं परिपत्रक दुसरं पाहिलं नाही. सगळा मजकूर दाणावैरणीचा. साठवलेली वैरण आताच उधळलीत तर पावसाळ्यात मिळणार नाही आणि घोडी मरतील. ती तुम्हीच मारल्यासारखी होतील. मग तुमच्यातला कुणी कुणब्याचा दाणा आणेल, कुणी भाकर, कुणी गवत, कुणी लाकूडफाटा. आणि रयतेला वाटेल, यांच्यापेक्षा मोगल बरे! शिवाय रात्री दिवे जळत ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल, गंजीला आग लागेल, आणि गवत गेलं की घोडा गेला. राज्य उभारणारा माणूस उंदरापर्यंत पोचतो, याचं मला फार नवल वाटलं. घोड्याची हौस सगळ्यांना असते; पण त्याच्या गवतावर डोळ्यांत तेल घालून बसतो, त्याच्याचकडे घोडं टिकतं.

त्या फौजेतली तट्टंही इथलीच, भीमथडीची. दिसायला बेताची, पण चिवट. मूठभर चंदीवर दिवसभर डोंगर तुडवणारी. भाच्याला खूश करायला मी भूगोलही तपासला. कासारसाईची नदी पवनेला मिळते, पवना मुळेला, मुळा मुठेसकट भीमेला. म्हणजे त्याचे ते चार घोडे ज्या धरणाच्या काठी पाणी पितात, त्याचंच उरलेलं पाणी पुढं भीमथडीला जातं. धनगरांच्या बिऱ्हाडाबरोबर बाजलं, भांडी आणि वर एखादं शेरडाचं पिल्लू घेऊन जाणारं तट्टू तुम्ही घाटात पाहिलं असेल. ते याच कुळातलं. कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेनं अलीकडे भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली आहे. तीनशे वर्षं ओझी वाहिल्यावर सर्व्हिस बुकात नाव लागलं. काही खात्यांत याहूनही उशीर होतो.

असो. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि घोड्यांचा तो सारा संसार उधळला. पागा मोडल्या, बारगीर शेतावर गेले, शिलेदारांनी आडनावं तेवढी ठेवली. घोड्यावर पोट भरण्याचे दिवस संपले असं सगळे म्हणू लागले. आणि नेमक्या अशा वेळी, १८४०च्या सुमारास, कृष्णाकाठच्या अंकलखोप गावी विष्णुपंत छत्रे जन्माला आले.

आता खरी गंमत इथून आहे. या मुलाचं मन शाळेत लागेना. ते दोन ठिकाणी लागे, जनावरांत आणि गाण्यात. त्या काळी ब्राह्मणाच्या घरात मुलानं गवई व्हावं ही एक आपत्ती, आणि चाबुकस्वार व्हावं ही दुसरी. विष्णुपंतांनी दोन्ही एकदम आणल्या. ते गेले थेट ग्वाल्हेरला. तिथं शिंद्यांच्या पदरी बाबासाहेब आपटे म्हणून अश्वविद्येतले मोठे जाणकार होते आणि त्याच गावात ख्यालगायकीचे सम्राट हद्दूखाँ होते. एका गावात दोन्ही गुरू! सकाळी घोडा फिरवायचा आणि नंतर आवाज फिरवायचा. भाकरी का करपली, घोडा का अडला, पान का सडलं, या तिन्हींचं उत्तर 'न फिरवल्यामुळं' असं आपल्याकडे देतात. चौथा म्हणून गळाही त्यात धरायला हरकत नाही.

खुशाल शिकले, पण पुढं पोटाचं काय? दक्षिणेत परत आल्यावर विष्णुपंत संस्थानिकांच्या आश्रयाला राहिले. काही इंग्रजी पुस्तकांत त्यांना 'कुर्डुवाडीच्या राजाचे' अश्वशिक्षक म्हटलं आहे. कुर्डुवाडीला रेल्वेचं मोठं जंक्शन आहे, चहाही मिळतो. पण राजा तिथं कधी नव्हता. साहेबानं कुरुंदवाडची कुर्डुवाडी केली, एवढंच. कुरुंदवाडकर पटवर्धनांच्या पागेत विष्णुपंत मानानं राहिले असतील. पण घोडे पटवर्धनांचे. म्हणजे कितीही मान असला तरी बारगिरीच.

मग एक परदेशी सर्कस मुंबईला आली. तिचा मालक कुणी इटलीचा चिआरिनी म्हणतात, कुणी विल्सन म्हणतात. नावाचा वाद पंडितांनी मिटवावा. गोष्ट एकच सांगतात. खेळ बघून विष्णुपंतांच्या मनात आलं, की हे आपल्यालाही जमेल. त्यावर तो मालक म्हणाला म्हणे, की हिंदी माणसांना असली सर्कस काढायला अजून पुष्कळ वर्षं लागतील.

आपण ती सर्कस बघून आलो असतो तर आपल्याला वाघ आठवले असते, विदूषक आठवला असता. विष्णुपंतांनी बघितले ते घोडे. आणि त्यांचं बघणं बरोबर होतं, कारण सर्कस ही चीज मुळात घोड्याचीच. १७६८ साली लंडनमध्ये फिलिप अ‍ॅस्टली नावाच्या, घोडदळातून बाहेर पडलेल्या माणसानं घोड्यावरच्या कसरती दाखवायला सुरुवात केली. सरळ रेषेत घोडा पळवला तर तो प्रेक्षकांपुढून निघून जातो, पैसे देणाऱ्याला फक्त धूळ मिळते. म्हणून त्यानं घोडा गोल फिरवला. गोल फिरताना स्वार आतल्या बाजूला कलतो, त्यामुळे पळत्या घोड्याच्या पाठीवर उभं राहिलं तरी तोल सांभाळता येतो. बेचाळीस फूट व्यासाचं रिंगण त्यासाठी सोयीचं ठरलं आणि जगभरच्या सर्कशींत तेच माप रूढ झालं. वाघ, हत्ती, झुले ही सारी मंडळी या रिंगणात मागाहून आली.

बेरोजगार घोडदळवाल्यानं लंडनला जे केलं, तेच शंभर वर्षांनी अंकलखोपच्या छत्र्यांनी केलं. मार्च १८८० मध्ये मुंबईच्या क्रॉस मैदानावर 'ग्रेट इंडियन सर्कस'चा खेळ झाला. घोड्यांची कामं स्वतः विष्णुपंतांची. त्यांच्या पत्नीनंही झुल्यावरची कामं केली असं सांगतात. नऊवारीच्या त्या काळात त्या बाईंनी उंच झुल्यावर काम केलं, आणि आमच्या चाळीत मात्र अजून स्टुलावर चढून बल्ब कुणी बदलायचा यावर वाद होतो. पुढं ही सर्कस देशभर फिरली, सिलोनला गेली, त्याच्याही पलीकडे गेली. केरळात तेलिचेरीला कीलेरी कुन्हीकण्णन नावाचे तालीमबाज शिक्षक विष्णुपंतांना भेटले आणि सर्कशीसाठी कसरतपटू तयार करू लागले. तिथूनच तेलिचेरी हे सर्कशीचं माहेर झालं. आपल्याकडे देवलांची, कार्लेकरांची अशा सर्कशी निघाल्या. वाघसिंहांना आंजारणारे पुण्याचे दामू धोत्रे तर थेट अमेरिकेच्या रिंगणात जाऊन उभे राहिले. सगळ्याचं मूळ त्या पागेत.

आणि बारगिराचा शिलेदार झाला. घोडे आता स्वतःचे. स्वतःचे म्हटल्यावर चंदी स्वतःची, मोतद्दाराचा पगार स्वतःचा, नालबंदाचं बिल स्वतःचं. खेळ असो की पाऊस असो, तोबरा वेळेवर भरायलाच हवा. वर्तमानपत्रात 'अपूर्व कसरती' असं छापून येतं. खातेवहीत हरभऱ्याचं पोतं आणि त्याची किंमत, एवढंच. माझा भाचा घोड्यावर बसल्याचे फोटो काढतो. मी त्याला म्हटलं, "बाबा रे, एकदा तोबऱ्याचाही फोटो काढ."

तो हसून म्हणाला, "मामा, रोज सकाळी लीद कोण काढतं असं वाटतं तुम्हाला? रविवारी मीच काढतो." मग मी जरा गप्प बसलो. एवढं माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

पण विष्णुपंतांच्या गाण्याचं काय झालं? मला खरी उत्सुकता याचीच होती. कारण पोटाच्या उद्योगामागं लागलेल्या माणसाचं दुसरं वेड हळूहळू अडगळीत जातं, हे आम्ही नोकरदार रोज बघतो. आमच्या शाखेत एक बासरीवाले आहेत, गेली बारा वर्षं ते 'रिटायर झाल्यावर वाजवीन' म्हणतात. दोन नाटकवाले आहेत. एक चित्रकार होते, ते आता फक्त लेजरमध्ये लाल शाईनं रेघा मारत. कॉम्प्युटर आल्यावर त्याही बंद झाल्या. रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर, भांडी घासून झाल्यावर, चार ओळी खरडणारा एक जण आहे. त्याचं नाव सांगत नाही.

विष्णुपंत मोठे गवई झाले नाहीत. सर्कशीच्या मालकाला पहाटे रियाज कुठून जमायचा? पण हद्दूखाँसाहेबांचे चिरंजीव रहिमतखाँ, ज्यांच्या गळ्याला पुढं लोकांनी 'भूगंधर्व' म्हटलं, ते वडील आणि भाऊ गेल्यावर दुनियेवरून उडाल्यासारखे झाले होते. अफूचं व्यसन, अंगावरच्या कपड्यांची शुद्ध नाही, काशीत भटकत होते. सर्कस घेऊन हिंडणाऱ्या विष्णुपंतांना ते तिथं सापडले. गुरूचा मुलगा! दुसरा कुणी असता तर त्यानं चार पैसे हातावर ठेवले असते, हळहळ व्यक्त केली असती आणि पुढच्या गाडीला बसला असता. विष्णुपंतांनी त्यांना उचलून आपल्या बिऱ्हाडात आणलं आणि मुलासारखं सांभाळलं. वाघ, सिंह, घोडे, झुलेवाले आणि त्यांच्यात एक ख्यालगायक, असा तो जगावेगळा तांडा गावोगाव हिंडू लागला. रहिमतखाँ पुन्हा गाऊ लागले. ज्यांनी ते ऐकलं त्यांच्यात अब्दुल करीमखाँ होते, आणि त्यांच्या गाण्यावर त्याचा रंग चढला तो कायमचा.

म्हणजे गाण्यासाठी ग्वाल्हेरला गेलेल्या माणसानं घोड्यांच्या कमाईवर गाणं जगवलं. स्वतःचं नव्हे, गुरूच्या घरचं.

हे सगळं मी ताईकडे जाऊन तिला सविस्तर सांगितलं. आजच्या घडीची खरी परिस्थितीही सांगितली. मुंबईच्या व्हिक्टोरिया २०१५ साली उच्च न्यायालयानं बेकायदा ठरवल्या, त्यांचे घोडे गेले. वरातीचा घोडा वर्षात मोजके मुहूर्त कमावतो आणि बाराही महिने खातो. पण माथेरानला मोटारींना बंदी आहे, तिथं घोडाही टॅक्सी. सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार अजून भरतो, माळेगावच्या खंडोबाला भरतो. वारीत माउलींच्या पुढं अंकलीच्या शितोळे सरकारांचा अश्व अजून धावतो आणि रिंगण पाहायला लाखो माणसं उभी राहतात. घोड्याचं दार सगळंच काही बंद झालेलं नाही. एकदम नोकरी सोडू नकोस, आधी दोन वर्षं चंदीचा हिशेब लिही, असं मी भाच्यालाही बजावलं. पागनिसी ती एवढीच मला येते. वही मी आणून दिली. पहिल्या पानावर त्यानं हिशेब लिहिला आहे आणि मागच्या पानावर घोड्याचं चित्र काढलं आहे. घोडं चांगलं काढलंय. हिशेबात बावीस रुपयांची चूक आहे.

ताईनं सगळी हकिगत शांतपणे ऐकून घेतली. मग चहाचा कप माझ्यापुढं सरकवत तिनं एकच प्रश्न विचारला.

"त्या छत्र्यांना पेन्शन होतं का रे?"

नव्हतं. १९०५ साली विष्णुपंत गेले. सर्कस त्यांचे भाऊ काशिनाथपंत पाहू लागले. रहिमतखाँ मात्र छत्र्यांच्याच घरी राहिले. त्यांचं खाणंपिणं, त्यांच्या लहरी, त्यांची अफू, हे सगळं त्या घरानं पुढची सतरा वर्षं सांभाळलं. उतारवयात त्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या, त्या आजही ऐकायला मिळतात. १९२२ साली कुरुंदवाडला त्यांनी डोळे मिटले. पेन्शन होतं, ताई. ते छत्र्यांनी घेतलं नाही, दिलं.